भानूला राग येत नाही

पातेल्यातलं पाणी दुधाळ झालं होतं आणि तळाशी काळे दोरे गोळा होऊन पडले होते. विनयाताईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं. मग मात्र त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावंच लागलं. कालपर्यंत हा मुकुट होता, बासरी होती, बाजूबंद, वाळे, कंबरपट्टा असं सगळं होतं, आणि आज संक्रांतीच्या सकाळी त्याचं साखरपाणी झालं होतं. संध्याकाळी गंधारचं, म्हणजे त्यांच्या तान्ह्या नातवाचं बोरन्हाण. काळं झबलं इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर तयार, आणि त्यावर घालायला काही नाही.

हलवा ज्यांनी केलेला नाही त्यांना हे दुःख सांगून कळणार नाही. मंद आचेवर परात, परातीत तीळ आणि साबुदाणा, वरून चमच्याने थोडा थोडा पाक, आणि बोटं भाजेपर्यंत हलवत राहायचं. जयपूरच्या कोरड्या थंडीत हलव्याला काटा सुरेख फुटतो, एवढं एक कौतुक विनयाताई या शहराचं साताऱ्याला माहेरी करत. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली झाली म्हणून त्या इथे आल्या, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागल्या, आणि नवरा गेल्यावरही राजा पार्कातल्या या घरातच राहिल्या. हलवा त्या करायच्या, आणि तो दोऱ्यात ओवून दागिने करायचं काम उमाकांतचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराचं. दर वर्षी मराठी मंडळातल्या कुणा ना कुणाच्या बाळासाठी तो ते करायचा. यंदा पहिल्यांदाच घरच्या बाळासाठी केले होते.

कुणी बुडवले असतील, हा प्रश्न घरात फार वेळ टिकला नाही. सुनेने, ऋचाने, पातेल्यात एक नजर टाकली आणि हाक मारली, "गार्गी, इकडे ये."

गार्गी गंधारची थोरली बहीण, वय वर्षं आठ. काल संध्याकाळीच ती दागिन्यांकडे बघून म्हणाली होती, "गंधारला क्राउन, गंधारला बासरी. माझ्या बोरन्हाणाचा तर फोटो पण धड नाही." ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मी नाही केलं," गार्गी म्हणाली. "मतलब, मी हात पण नाही लावला."

"मग काय आपोआप पाण्यात जाऊन बसले?"

"मला काय माहीत."

"खरं बोललीस तर मी ओरडणार नाही," ऋचा ओरडली.

मग शिक्षा ठरली. आज गच्चीवर जायचं नाही. जयपुरात संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर जायचं नाही म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या पोरांनाच विचारावं. उजाडल्यापासून राजा पार्कातली यच्चयावत माणसं पतंग घेऊन आपापल्या छतावर चढून बसली होती. स्पीकरच्या भिंती लावल्या होत्या, पिपाण्या वाजत होत्या, आणि दर थोड्या वेळाने कुणाचा तरी पतंग कापला गेला की "वो काटा" असा गलका उठत होता. तो ऐकू आला की गार्गी छताकडे बघायची. ऋचाने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पदरात बांधावी तशी जीन्सच्या खिशात घातली.

विनयाताई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनाही गार्गीच वाटली होती. पातेलं पाहिल्या पाहिल्या वाटली होती, आणि इतकी सहज वाटली होती की त्यांचं त्यांनाच ते बोचलं. कारण माणूस मुळात निष्पाप असतो, पोर जन्माला येतं ते निर्मळ मनाचं, दुष्टपणा जगाने त्याला मागाहून शिकवलेला असतो, असं कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलेल्या आणि वर पुस्तकात छापूनही मोकळ्या झालेल्या या बाई.

ते पुस्तक म्हणजे त्यांची एकुलती एक कादंबरी. तिचा नायक भानू, वयाने मोठा आणि मनाने लहान. भानूला हेवा कळत नाही, खोटं बोलता येत नाही, आणि राग तर येतच नाही. गावातली शहाणी माणसं त्याला फसवतात, राबवतात, आणि शेवटी आपापल्या घरी जाऊन रडतात. वाचकही रडले. भानू कोण, हे ओळखीच्यांना सांगावं लागलं नाही. उमाकांतला लहानपणी मेंदूज्वर झाला तेव्हापासून त्याचं डोकं सावकाश चालायचं. सासूबाई गेल्यावर तो थोरल्या भावाबरोबर जयपूरला आला आणि आता त्याने पन्नाशी ओलांडली होती. मंडळात सगळे त्याला देवमाणूस म्हणत. त्याच्या समोरच म्हणत, जणू तो तिथे बसलेलाच नाही.

आता कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. प्रकाशकांनी पुण्याहून मैत्रेयी नावाच्या एका मुलीला खऱ्या भानूवर छोटी फिल्म करायला पाठवलं होतं. ती सी-स्कीम भागातल्या हॉटेलात उतरली होती आणि संध्याकाळी बोरन्हाणाला येणार होती. उमाकांत आपल्या हाताने बाळाला दागिने घालतोय, हे दृश्य तिला विनयाताईंनीच फोनवर सुचवलं होतं.

आणि तोच उमाकांत चहाचा रिकामा कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ते मी केलं."

ऋचाचे डोळे भरून आले. "बघ गार्गी, बघ. तुला बोलणी बसू नयेत म्हणून उमाकाका स्वतःवर घेतायत. शिक काहीतरी."

"पण तो म्हणतोय ना, त्याने केलं," गार्गी म्हणाली. बापाचं ऐकून तीही त्याला उमाकाकाच म्हणायची, आणि बापाचं न ऐकता अरे-तुरे करायची.

"पुरे," ऋचा म्हणाली.

विनयाताईंनी उमाकांतच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, उमा. जा तू." भानूला खोटं बोलता येत नाही हे कादंबरीत स्वच्छ लिहिलेलं होतं, पण दुसऱ्यासाठी बोललेलं खोटं त्यांनी घाईघाईत त्यात बसवून घेतलं. उमाकांत जागचा हलला नाही. कप ओट्यावर ठेवून तो पुन्हा म्हणाला, "मी केलं." एव्हाना ऋचा फुलवाल्याला फोन लावत होती आणि विनयाताई सुधाकररावांचा फोन घेत होत्या.

सुधाकरराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुसरं काही नव्हते. दागिन्यांचं ऐकून हळहळले, आणि उमाकांतचं ऐकून हरखून गेले. "अहो वहिनी, हा तर साक्षात भानू. हे संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर सांगायचंच. मी विषय काढतो, तुम्ही फक्त बोला." विनयाताई बरं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना घरात कुठेच बसवेना.

त्यांनी उसाचे करवे केले, बोरं धुतली, हरभऱ्याचे घाटे निवडले, चुरमुरे पाखडले. मग बोरं परत धुतली. फुलांचे दागिने संध्याकाळी मिळतील असं फुलवाला म्हणाला आणि नंतर नाही मिळणार असं म्हणाला. जयंत, त्यांचा मुलगा, हॉस्पिटलात अडकला होता. मांज्याने गळे-बोटं कापलेल्यांची आज तिथे रीघ असते. त्याला फोन करून काय सांगायचं, असं म्हणत त्यांनी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. बाहेर गलका वाढतच होता.

गार्गी पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. रडत नव्हती. तिचे पतंग शेजारी रचून ठेवलेले होते आणि मांज्याची चरखी मांडीवर होती.

"आजी," विनयाताई आत आल्यावर ती न वळता म्हणाली, "उमाकाका म्हणतो मी केलं, तर तुम्ही म्हणता झूठ. मी म्हणते मी नाही केलं, तर पण झूठ. मतलब तुम्हाला आधीच सगळं माहीत असतं का?"

विनयाताईंनी आयुष्यभर मुलींना वाद घालायला शिकवलं होतं. "असं नाही ग," एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या आणि उमाकांतला शोधायला लागल्या.

तो गच्चीच्या जिन्यात सापडला, अगदी वरच्या पायरीवर, कुलूपबंद दाराला पाठ लावून बसलेला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ त्याच्या खांद्यावर पडली होती. दर संक्रांतीला तो दुपारभर इथेच बसायचा, हे त्यांना आता आठवलं. त्याला गडबड सोसत नाही म्हणून बसतो, असं त्या लोकांना सांगत आल्या होत्या.

"वहिनी, मी सकाळी दोनदा सांगितलं."

"अरे, गार्गीला वाचवायला तू..."

"गार्गीला कशाला वाचवू?" उमाकांतला खरंच नवल वाटलं. "ती मला चरखी पण धरू देत नाही. म्हणते, तुला ढील देता येत नाही. मला नाही आवडत ती."

विनयाताई दोन पायऱ्या खाली होत्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "मग सांगतोयस कशाला?"

"केलं मी आणि नाव तिचं होतंय."

आपण केलेल्या लाडवांचं कौतुक शेजारणीच्या वाट्याला जावं आणि बाईने तोंड पाडून बसावं, तसं त्याचं तोंड पडलं होतं. हे नाटक नव्हतं. भानूच्या चेहऱ्यावर असलं काही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

"पण का केलंस?"

"राग आला."

"कुणाचा?"

"तुमचा." त्याने फटीतून बाहेर डोकावून पाहिलं आणि पुन्हा वळला. "त्या पुण्याच्या बाईला तुम्ही फोनवर म्हणालात, त्याला स्वतःसाठी काही नको असतं. मला पतंग पाहिजे होता. दिवाळीत सांगितलं होतं. मग परत सांगितलं. दर वर्षी सांगतो. तुम्ही म्हणता, उमा, तुला पाखरांचं वाईट वाटतं ना."

पाखरांचं त्याला वाईट वाटतं हे खरंच होतं. खरं असल्याशिवाय का विनयाताईंनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं? जयपुरातली त्यांची पहिली संक्रांत. मांज्याने पंख कापलेला एक पारवा गच्चीवर येऊन पडला, आणि विशीतला उमाकांत त्याच्याशेजारी फतकल मारून हमसाहमशी रडला. त्या रडण्याकडे बघता बघता विनयाताईंना कादंबरी सुचली. पुढे कुठल्याही सभेत तो उतारा वाचताना त्यांचा आवाज भरून यायचा. आणि त्या दिवसानंतर घरात कुणीही उमाकांतच्या हातात पतंग दिला नव्हता. त्याला त्रास होऊ नये म्हणून.

"ते पुस्तक मी वाचलंय," उमाकांत म्हणाला.

"तू? कधी?"

"दादा गेल्यावर. हळूहळू वाचलं. भानूला राग येत नाही असं लिहिलंय त्यात. तो पारव्यासाठी रडतो." तो थोडा थांबला. "मी पतंगासाठी रडत होतो. माझा कटला होता. दादाने आणलेला, लाल."

विनयाताई होत्या त्याच पायरीवर बसल्या.

"पारव्याचं पण वाईट वाटलं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण नंतर."

विनयाताईंना आधी हसू येईल असं वाटलं, मग रडू येईल असं वाटलं, आणि आला तो राग. चांगला सणसणीत राग. पाकात भाजलेली बोटं आठवली, काळं झबलं आठवलं, खिडकीत बसलेली पोर आठवली. त्यांनी नुसता आवाज चढवायचा म्हटलं तर नुसता आवाज चढेना, सगळंच वर आलं.

"लाज नाही वाटली? महिनाभर खपले मी त्या हलव्यासाठी. रागच आला होता तर तोंड नव्हतं का? भांडायचं होतं. वर त्या पोरीला सकाळपासून कोंडून घातलंय, आणि तुम्ही इथे बसून नाव कुणाचं झालं त्याचा हिशेब करताय, भावोजी?"

भावोजी म्हणून, तुम्ही म्हणून त्यांनी त्याला लग्नानंतरचं पहिलं वर्षभर हाक मारली होती. मग कधीतरी त्याचं उमा झालं आणि तू झालं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उमाकांतने पाय खाली घेतले, शर्ट ओढून सारखा केला आणि तो ताठ बसला. या घरात त्याला कुणी रागावलंच नव्हतं. कप फुटला तरी असू दे, नळ चालू राहिला तरी असू दे. आता त्याची मान खाली होती, पण ती ऐकणाऱ्याची होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला नाही. तिला सांगा."

गार्गीला त्याने सांगितलं. कट्ट्यासमोर उभं राहून, वहिनींनी सांगितलं तसं. गार्गीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तर सकाळीच बोलला होतास. ह्यांनीच मानलं नाही." मग तिने आजीकडे पाहिलं. "तू पण सॉरी बोल."

विनयाताई बोलल्या. आतून ऋचाही काहीतरी सॉरीसारखं म्हणाली आणि किल्ली घेऊन आली. तिचा अजून विश्वास बसलेला दिसत नव्हता. गार्गी मात्र सहजासहजी विरघळणारी नव्हती. अर्धा दिवस गेला, वारा पडत चालला, नुकसान कोण भरून देणार, असं तिचं जिना चढेपर्यंत चालू होतं. उमाकांतने पतंग मागितला तेव्हा तिने शोधून सगळ्यांत वाईट, चिकटपट्टी लावलेला काढून दिला. त्याने तो घेतला.

आणि तो उडवू लागला. ढील देता येत नव्हती हे गार्गीचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्या खेपेला पतंग टाकीवर आपटला. मग जमलं. पलीकडच्या छतावर बन्सलजी, वजनदार गृहस्थ, आपला हिरवा पतंग मोठ्या ऐटीत मिरवत होते. उमाकांतने वाट पाहिली. खालून पेच घातला, मांजा घासला, आणि हिरवा पतंग लटपटत निघाला. उमाकांतच्या तोंडून "वो काटा" असा जो आवाज निघाला तो विनयाताईंनी इतक्या वर्षांत ऐकलेला नव्हता. एवढ्यावर तो थांबला नाही. बन्सलजींकडे बोट दाखवून हसला, त्यांचा पडलेला चेहरा बघून पुन्हा हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. भानू असं कधी हसला नसता.

विनयाताईंना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्यांना भीती वाटली. हा माणूस इतकी वर्षं आपल्या पंक्तीला जेवला आणि आपण वाढत आलो दुसऱ्याच कुणाला. आणि भानूसाठी जीव तुटला, तोही खोटा नव्हता. किती जपलं होतं त्याला. त्या टाकीच्या सावलीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून थोडं रडल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. गार्गी आणि उमाकांत हाताच्या अंतरावर मांजा कुणी गुंतवला यावरून भांडत होते.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. मंडळातल्या बायका, त्यांची पोरं, तीळगूळ, कुंकवाचे करंडे. पाटावर काळ्या झबल्यातला गंधार, अंगावर एकही दागिना नाही, स्वतःची मूठ चोखण्यात दंग. औक्षण झालं. पोरं बोरं लुटायला गुडघे टेकून तयार बसली होती, आणि सगळ्यांना ढकलून गार्गी पुढे होती. मैत्रेयीने कॅमेरा कोपऱ्यात लावला होता. मुलगी गोड होती, हळू बोलायची. सुधाकररावांनी उमाकांतच्या खांद्यावर हात टाकून त्याला तिच्यासमोर आणलं.

"हेच ते आमचे भानू," ते म्हणाले. "आणि आज सकाळी काय झालं ते वहिनीच सांगतील."

सगळे कौतुक ऐकायला सावरून बसले. विनयाताईंनी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एक वाक्य बोललं की झालं असतं. सगळ्यांचे डोळे भरले असते, पुस्तकाची आवृत्ती उचलली गेली असती, आणि उमाकांतने पुढच्या संक्रांतीला पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसायचं.

"भानू पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "हे माझे दीर, उमाकांत. दागिने दर वर्षी हेच करतात. आणि या वर्षीचे यांनीच पाण्यात बुडवले."

सुधाकरराव हसले, मग कुणीच हसत नाही बघून थांबले. मैत्रेयी थोडी वाकली आणि लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात उमाकांतला म्हणाली, "चुकून झालं ना, काका?"

विनयाताईंचं उत्तर जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

उमाकांतच्या बोटाला मांज्याने कापलेल्या जागी चिंधी बांधलेली होती. त्याच हाताने त्याने बोरांची मूठ भरली.

"नाही," तो म्हणाला, "मुद्दाम," आणि गंधारच्या डोक्यावर बोरं ओतायला खाली वाकला.